गाडीखालची फरशी

घर बांधताना ओट्याच्या ग्रॅनाइटवर घरातल्या सगळ्यांचे मत घेतले जाते. देवघराच्या संगमरवरासाठी दोन-चार दुकाने पालथी घातली जातात. पार्किंगच्या फरशीची पाळी येते तेव्हा मात्र पैसे संपत आलेले असतात आणि वास्तुशांतीची तारीख ठरून गेलेली असते. मग ठेकेदार विचारतो, "साहेब, खाली चेकर्ड टाकून देऊ का?" साहेब मान डोलावतात. सगळ्या घरात जी जमीन सर्वांत जास्त हाल सोसणार आहे, तिचा निकाल एवढ्यात लागतो.

चेकर्ड टाइल वाईट आहे असे नाही. घाई वाईट आहे. बंगला, रो हाउस किंवा दोन-तीन मजली घर बांधणाऱ्याने हा निर्णय कसा घ्यावा, हा प्रश्न आम्हाला संपादकीयाइतका महत्त्वाचा वाटतो, कारण चुकला तर तो खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो, आणि दुसऱ्यांदा करताना आधीचे फोडण्याची मजुरी वेगळी पडते.

आधी जागा कसली आहे ते पाहू. २०१६ च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्या आहे : वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. आपल्याकडच्या बहुतेक घरांत असे गॅरेज नसतेच. असते ते पार्किंग : वर स्लॅब, एका बाजूला जिना, दोन बाजू उघड्या, समोर लोखंडी फाटक. पावसाची झड आत येते. चिखलाची चाके आत येतात. शिवाय ती जागा फक्त गाडीची नसते. गाडी बाहेर काढून तिथे गणपतीची आरास होते, हळदीचा मांडव पडतो, उन्हाळ्यात कुरडया-पापडांच्या साड्या अंथरल्या जातात, दिवाळीत रांगोळी निघते, मुले प्लास्टिकच्या चेंडूने क्रिकेट खेळतात. आजोबा पहाटे तिथेच फेऱ्या मारतात. परदेशी कंपन्यांच्या जाहिरातींत दिसणारे आरशासारखे चकचकीत गॅरेज या कामांसाठी बनवलेले नाही. आजोबांचा पाय ओल्या फरशीवर घसरला तर ती फरशी किती वर्षे टिकली याला फारसा अर्थ उरत नाही.

टिकाऊपणाबद्दल बोलताना लोक पहिला प्रश्न गाडीच्या वजनाचा काढतात. तो चुकीच्या जागी लागलेला घोर आहे. साधी हॅचबॅक किंवा छोटी सेडान हजार-बाराशे किलोची. चाकात हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास दाब. टायर जमिनीवर टाकतो तो दाबही ढोबळमानाने तेवढाच, कारण वजन वाढले की टायर अधिक पसरतो. एम-२० दर्जाचे काँक्रीट दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो दाब सोसते. हिशेब इतका एकतर्फी आहे. आता दोन क्विंटलच्या घरातली बुलेट डबल स्टँडवर लावा. स्टँडच्या एका पायावर साठ किलो आले आणि तो पाय चार चौरस सेंटिमीटरवर टेकला असे धरले, तर दाब पंधरा किलो होतो. टायरच्या सहा-सात पट. त्यात स्टँडवर चढवताना बसणारा दणका वेगळा. पंक्चर काढताना लावलेला जॅक, हातातून निसटलेला पाना, भरलेल्या सिलिंडरची कड हेही त्याच जातीचे. फरशी फुटते ती अशा टोकदार भारांनी, आणि तीही फरशीखाली पोकळी असेल तिथे.

तेव्हा खरा प्रश्न खालचा आहे. दख्खनच्या पठारावर मोठ्या भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट काहीही टाकले तरी दोन-तीन पावसाळ्यांत ते वर-खाली होणार. काळी माती काढायची, मुरूम भरायचा, तो थराथराने पाणी मारून धुमसाने चोपायचा, वर दगडाचे सोलिंग, त्यावर काँक्रीट, ही जुनी पद्धत आहे आणि तिला पर्याय नाही. प्रत्यक्षात होते काय? पाया खणताना निघालेली मातीच जोत्यात ढकलली जाते, वरून एकदा पाण्याचा पाइप सोडला जातो आणि भर "बसली" असे जाहीर होते. ही भर पुढची दोन-तीन वर्षे बसतच राहते. वरची फरशी तशीच राहते आणि मध्ये पोकळी होते. मग एक दिवस गाडी मागे घेताना टाइल कडकन वाजते आणि दोष टाइलच्या कंपनीला दिला जातो.

यात आपल्या घरांची आणखी एक गंमत आहे. पार्किंगच्या खालीच पाण्याची टाकी असते, आणि पुष्कळदा ड्रेनेजचे चेंबरही. टाकीवर आरसीसीचा स्लॅब, बाजूला भर. स्लॅब हलत नाही, भर बसते. या दोन्हींवरून एकच अखंड फरशी ओढली की टाकीच्या कडेने सरळ रेषेत भेग पडते. तिथे मुद्दाम सांधा सोडला तर भेग त्या सांध्यात जिरते. टाकीचे झाकण चाकाच्या वाटेवर येत असेल तर ते वाहनाचा भार घेणारे हवे. चांगल्या झाकणावर त्याची भारक्षमता लिहिलेली असते. घरगुती चेंबरचे हलके झाकण तिथे टाकून पैसे वाचवणाऱ्याला सुतार, लोहार, गवंडी असे तिघेही पुढे भेटतात.

आता वरच्या थराकडे येऊ.

साधे काँक्रीट, आपल्या भाषेत कोबा, हा सर्वांत कमी दिखाऊ आणि आमच्या मते सर्वांत कमी समजून घेतलेला पर्याय आहे. त्याच्याविरुद्धची तक्रार ठरलेली : भेगा पडतात, धूळ सुटते, तेलाचे डाग बसतात. तिन्ही खऱ्या आहेत आणि पहिल्या दोन टाळता येण्यासारख्या आहेत. एका गाडीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे १३५ चौरस फुटांच्या आसपास. दहा सेंटिमीटर जाडी धरली तर सव्वा घनमीटर काँक्रीट, सिमेंटच्या दहा-अकरा गोण्या. एवढ्यासाठी रेडीमिक्सची गाडी बोलावणे परवडत नाही, कारण तिच्या पोटात साधारण सहा घनमीटर माल मावतो. ट्रायमिक्सचेही तसेच. ट्रायमिक्समध्ये ताज्या काँक्रीटवर चटई पसरून व्हॅक्यूम पंपाने जास्तीचे पाणी ओढून घेतात आणि मग यंत्राने घोटाई करतात. काम सुरेख होते, पण यंत्रसामग्री आणणारा ठेकेदार शंभर-सव्वाशे चौरस फुटांसाठी सहसा येत नाही. सोसायटीचे आवार किंवा चार गाड्यांची जागा असेल तर त्याचा विचार जरूर करावा.

म्हणजे एकट्या घराला उरतो तो छोटा मिक्सर आणि गवंडी. इथे सगळी लढाई पाण्याची आहे. ५० किलोच्या गोणीला २५ ते २७ लिटर पाणी पुरते. काँक्रीट सहज पसरावे म्हणून कामगार त्यात आणखी बादली ओततो, वर पाणी तरंगते, त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटाई होते. पहिल्या दिवशी हा कोबा काचेसारखा दिसतो, आणि वर्षभरात त्याचाच पापुद्रा सुटून धूळ होते. दहा सेंटिमीटरच्या कोब्याला अडीच-तीन मीटरवर सांधा कापायला हवा, खोली जाडीच्या चौथ्या भागाइतकी. पाच मीटरच्या लांबीत मधोमध एक काप पुरतो. काँक्रीट आकसतेच. कुठे तडकायचे ते आपण ठरवायचे, एवढाच आपल्या हातातला भाग. आणि मग आळे करून निदान सात दिवस पाणी, उन्हाळा असेल किंवा मिश्र सिमेंट असेल तर दहा. नेमके याच दिवसांत मांडववाला खांब रोवायला येतो.

पृष्ठभाग गुळगुळीत करण्याऐवजी ओला असताना खराट्याचा किंवा ब्रशचा फराटा मारला तर पाय आणि चाक दोन्ही घसरत नाहीत. त्यावर रांगोळी नीट उमटत नाही, अशी घरातून हरकत येते. ती रास्त आहे. फाटकाशी किंवा जिन्यासमोर दोन फुटांचा पट्टा घोटून दिला की दोन्ही बाजू राजी होतात.

दगडाची बाजूही तितकीच भक्कम आहे. शहाबादी फरशी ही भीमेच्या खोऱ्यातली, कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या नावाची. सोलापूर, लातूर, धाराशिवकडे ती जवळची आणि म्हणून परवडणारी. कोटा राजस्थानचा; रामगंज मंडीच्या खाणी त्यासाठी प्रसिद्ध. दोन्ही मुळात चुनखडीचेच दगड. शहाबादीचे पापुद्रे सुटतात, कोटा अधिक घट्ट आणि बारीक कणांचा. पार्किंगसाठी पॉलिश न केलेला, दीड इंचाच्या आसपास जाडीचा कोटा घेतला तर तो पिढी काढतो, अशी उदाहरणे गावोगाव आहेत. दगडाचा एक गुण काँक्रीटमध्ये नाही : खालची पाइपलाइन फुटली तर चार फरश्या उचलायच्या, काम करायचे, त्याच परत बसवायच्या. कोबा फोडला की ठिगळ दिसणारच.

पण चुनखडीचे आणि आम्लाचे हाडवैर आहे. बॅटरीतले पाणी म्हणजे सौम्य केलेले गंधकाम्ल. पार्किंगच्या कोपऱ्यात इन्व्हर्टरची बॅटरी ठेवायची पद्धत घरोघरी आहे, आणि तिच्याखालचा कोटा दोन वर्षांत पांढुरका, खरबरीत झालेला सापडतो. त्याहून वाईट म्हणजे काम संपताना फरशीवाला सिमेंटचे डाग काढायला सरसकट अ‍ॅसिड ओततो. नवी फरशी पहिल्याच दिवशी चरते. ठरावात "अ‍ॅसिडने धुवायचे नाही" हे एक वाक्य लिहून घ्यावे. काँक्रीटलाही आम्ल मानवत नाही, फक्त तिथे ते इतके उठून दिसत नाही. बॅटरीखाली प्लास्टिकचा ट्रे ठेवला की प्रश्न मिटतो.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा मोह होतो. उंबरठ्याबाहेर जांभ्याची वाट सुंदर दिसते, पाणी पिते, पायाला गार लागते. पण एकाच जागी चाक वळवून-वळवून तो झिजतो आणि चार महिन्यांच्या पावसात त्यावर शेवाळ धरते. चालायच्या वाटेला जांभा, चाकाखाली दुसरे काही, असे आम्ही म्हणू.

टाइल्सबद्दल बाजारात जितका गोंधळ आहे तितका इतर कशाबद्दल नाही. "पार्किंग टाइल" या नावाखाली मोरबीहून येणाऱ्या मालात खरोखरची व्हिट्रिफाइड असते आणि साधी सिरॅमिकही असते. दोघींची नक्षी सारखीच खडबडीत. फरक पाण्याचा : व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही. खोक्यावर हा आकडा असतो, तो वाचावा. किंवा दुकानातच एक तुकडा उलटा करून पाठीवर पाणी टाकावे. पाणी चटकन पिणारी टाइल बाथरूमच्या भिंतीला द्यावी. तेलाचे डाग टाइलवर सर्वांत कमी बसतात, धुवायला ती सर्वांत सोपी, रंग हवा तो मिळतो. घरातल्या बायकांचे मत सहसा टाइलच्या बाजूने पडते आणि त्याला कारण आहे, कारण बहुतेक घरांत पार्किंग धुते कोण, हे सगळ्यांना माहीत आहे.

तिची कमजोरी बसवणुकीत आहे. चार कोपऱ्यांना आणि मध्यभागी माल ठेवून टाइल दाबली की वरून सपाट दिसते, खाली पोकळ राहते. नंतर तिथेच बुलेटचा स्टँड येतो. सगळी पाठ मालाने भरलेली हवी. काम घेण्याआधी प्रत्येक टाइल नाण्याने किंवा काठीने वाजवून पाहावी. बद्द आवाज आला ती काढायला सांगावी. ठेकेदार नाराज होतो, होऊ द्यावा. शिवाय त्याच बॅचच्या दहा-पंधरा टाइल्स जिन्याखाली ठेवून द्याव्यात, कारण ती नक्षी वर्षभरात बाजारातून जाते. जुनी सिमेंटची चेकर्ड टाइल या बाबतीत बरी. तिची नक्षी वर्षानुवर्षे तीच आहे, आणि ती फुटली तर गावात मिळते. तिच्या खाचांत चिखल बसतो, हे मान्य.

पेव्हर ब्लॉकचा विषय थोडक्यात उरकता येतो. भारतीय मानकात हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर, मध्यम वाहतुकीला ८० मिलिमीटर जाडी आहे. घरच्या गाडीला पहिली पुरते. उघड्या अंगणात, जिथे पाणी मुरावे असे वाटते, तिथे पेव्हरसारखे दुसरे काही नाही. छपराखाली मात्र त्याचा फायदा उरत नाही आणि तोटे राहतात : खालची कच मुंग्या बाहेर काढतात, घुशी बिळे करतात, सांध्यांत धूळ साठते. कडेला पक्की बांधणी नसेल तर ब्लॉक सरकतात.

आणि इपॉक्सी. गेल्या काही वर्षांत बंगल्याच्या मालकांना याचे मोठे आकर्षण वाटू लागले आहे, आणि त्याला हसण्याचे कारण नाही. राळ आणि हार्डनर मिसळून केलेला हा थर तेल आत शिरू देत नाही, धूळ सुटू देत नाही, एका पोछ्यात स्वच्छ होतो. कारखान्यांत आणि दवाखान्यांत तो उगीच वापरला जात नाही. ज्याला स्वतः गाडीखाली सरकून काम करायची हौस आहे, ज्याचे गॅरेज खरोखर बंद आहे, त्याला इपॉक्सीइतके सुख दुसरे कुठलेच आवरण देणार नाही.

आपल्या उघड्या पार्किंगला मात्र तीन गोष्टी आडव्या येतात. ऊन लागेल तिथे इपॉक्सी पिवळी पडते. जमिनीतली ओल वर येत असेल तर थराखाली फोड येतात, आणि जोत्यात ओल नसलेले घर पावसाळी भागात शोधावेच लागेल. तिसरी गोष्ट टायरची : नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तापलेले टायर येऊन उभे राहतात, त्या उष्णतेने पातळ थर मऊ पडतो आणि गार होताना टायर त्याला ओढून उचलतो. दुकानात डब्यात मिळणारा इपॉक्सी रंग आणि दोन-तीन मिलिमीटरचे ओतीव इपॉक्सी यांत मोठा फरक आहे. पहिला अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. भावाची तुलना करताना लोक दुसऱ्याचे फोटो पाहतात आणि पहिल्याचे पैसे देतात. ज्याला करायचेच आहे त्याने काँक्रीटला निदान २८ दिवस द्यावेत. मग प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर बंद करून एक दिवस ठेवावा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडले तर ओल सुकेपर्यंत थांबावे.

रबरी मॅट आणि कुलपासारख्या अडकणाऱ्या प्लास्टिक टाइल्सचा उल्लेख एवढ्यासाठी की त्या भाड्याच्या घरात उपयोगी आहेत. जाताना उचलून नेता येतात. त्यांच्याखाली पाणी साचते, म्हणून पावसाळ्यात मधूनमधून उचलून खाली वाळवावे लागते.

कुठलेही आवरण निवडा, दोन कामे त्याच्या आधी होतात आणि नंतर होत नाहीत. एक, ढाळ. शंभराला एक, म्हणजे पाच मीटरच्या लांबीत पाच सेंटिमीटर, आणि तो फाटकाकडे किंवा जाळीकडे, घराच्या भिंतीकडे कधीच नाही. दुसरे, वायरीचा पाइप. आज विजेवरची गाडी नसेल, पण मीटरच्या खोलीपासून गाडीच्या जागेपर्यंत एक रिकामा पाइप फरशीखालून टाकून ठेवायला लागणारा खर्च किरकोळ आहे. फरशी झाल्यावर तोच भिंतीवरून लोंबत जातो.

इमारतीतल्या रहिवाशांचे गणित वेगळे आहे. खांबांमधल्या पार्किंगची जागा गॅरेज म्हणून स्वतंत्र विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाळी सोसायटी या मुंबईच्या खटल्यात दिला. तेव्हा अशा पार्किंगमध्ये आपल्यापुरता चौकोन उखडून ग्रॅनाइट बसवण्याआधी सोसायटीला विचारावे लागते. सोसायटीने मात्र हा विषय सर्वसाधारण सभेत टाइलच्या रंगापासून सुरू करू नये. आधी जलवाहिन्या आणि चेंबर तपासून घ्यावेत. नवी फरशी घालून सहा महिन्यांत प्लंबर ती फोडताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याची कारणे सांगावी लागणार नाहीत.

मग काय घ्यावे? पैसा मोजका असेल, जागा एक-दोन गाड्यांची असेल आणि कामावर रोज उभे राहणारे घरात कोणी असेल, तर फराट्याचा कोबा. उभे राहणारे कोणी नसेल तर जाड, बिनपॉलिशचा कोटा, कारण काँक्रीटमध्ये पाणी जास्त पडले हे झाकले जाते, दगडाची जाडी मात्र टेपने कोणालाही मोजता येते. धुण्याची सोय सर्वांत महत्त्वाची असेल आणि खालची भर भरवशाची असेल तर खरी व्हिट्रिफाइड. इपॉक्सी बंद गॅरेजलाच. यावर असहमत होणारे वास्तुविशारद आहेत. ते टाइलला अधिक वर ठेवतील, आणि त्यांच्या हाताखाली चांगला फरशीवाला असेल तर त्यांचे बरोबरही असेल.

ज्याचा निर्णय अजूनही होत नाही, त्याला एक मधला रस्ता आहे आणि आम्हाला तोच अधिक पटतो. वास्तुशांतीपुरता नुसता कोबा करावा, पण वर टाइल किंवा कोटा येईल एवढी दोन-अडीच इंचांची उंची फाटकाच्या पट्टीखाली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीत राखून ठेवावी. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा. पाणी कुठे साचते, भेग कुठून जाते, स्कूटर रोज कुठे लागते, तेल कुठे गळते, हे सगळे जमिनीवर उमटलेले असेल. दसऱ्याला ठेकेदाराला पुन्हा बोलवावे आणि या वेळी प्रश्न आपण विचारावेत. पुष्कळ घरांना तेव्हा असे आढळेल की वर काही घालायची गरजच उरलेली नाही.